अँटिक, अँटिक्विटी आणि तेरची खापरे

‘अँटिक’ हा शब्द आता मराठी झाला आहे. लातूर-सोलापूरच्या कोणत्याही सराफी पेढीत गेलात तर ‘अँटिकमध्ये दाखवू का?’ असे विचारतात आणि समोर ठेवतात तो महिन्यापूर्वी कारागिराच्या हातून उतरलेला, मुद्दाम काळपट पॉलिश दिलेला हार. हमरस्त्यावरच्या ‘वाडा’ छापाच्या हॉटेलांत कंदील, जाते, पितळी घंगाळ आणि तबकडी फिरवायचा टेलिफोन मांडून ठेवलेला असतो; तेही अँटिक. गल्लीतला एखादा म्हातारा अजून धोतर नेसून, काखेत छत्री मारून हिंडत असेल तर पोरे त्याला ‘अँटिक पीस’ म्हणतात. आणि तेरच्या शिवारात पावसाने माती धुपून वर आलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा मणी, तोही अँटिकच.

एका शब्दाने चार घरची कामे करावीत, हे भाषेला नवे नाही. पण ज्या इंग्रजीतून आपण हा शब्द घेतला तिथे शेजारीच दुसरा एक शब्द उभा आहे, ‘अँटिक्विटी’. तो आपण उंबऱ्याबाहेरच ठेवला. इंग्रजी बोलणारेही या दोहोंत गल्लत करतात. आपण तर गल्लत करायलाही दुसरा शब्द ठेवला नाही. या गल्लतीची किंमत आमच्या धाराशिव जिल्ह्यात प्रत्यक्ष मोजता येते, म्हणून हा लेख. माझा विषय मराठी भाषा. पुरातत्त्व हे माझे क्षेत्र नव्हे. तेव्हा मी खापरांविषयी बोलेन ते शब्दांच्या बाजूने.

सर्वसाधारण समजूत अशी, की फरक वयाचा आहे: थोडे जुने ते अँटिक, फार जुने ते अँटिक्विटी. ही समजूत अगदीच निराधार नाही, पण ती पुरी पडत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे एकच पितळी समईचे झाड दोन्ही असू शकते. वस्तूकडे आपण काय मागतो, यावर तिचे नाव ठरते. तिला किंमत विचारली की ती अँटिक होते. साक्ष विचारली की अँटिक्विटी होते.

या शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. मूळ लॅटिन ‘अँटिक्वुस’, म्हणजे पूर्वीचा. युरोपात दीर्घकाळ ‘द अँटिक’ म्हणजे फक्त ग्रीक आणि रोमन कला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही विद्यार्थी प्लास्टरच्या ग्रीक-रोमन प्रतिकृती समोर ठेवून रेखाटने करीत, ती ‘अँटिक’वरून काढलेली चित्रे. म्हणजे आपल्या पहिल्या पिढीच्या चित्रकारांनी ‘अँटिक’चा अभ्यास केला तो वेरूळचा नव्हे, अथेन्सचा, तोही पांढऱ्या साच्यांवरून. याच मुळातून इटालियन वाटेने इंग्रजीत आणखी एक शब्द आला, ‘अँटिक’च, पण ऱ्हस्व उच्चाराचा. रोममध्ये जमिनीखाली गाडल्या गेलेल्या दालनांच्या भिंतींवर अर्धा माणूस अर्धे झाड अशी विचित्र चित्रे सापडली, त्यांना ‘अँटिको’ म्हणू लागले. त्यावरून इंग्रजीत विचित्र चाळे करणारा तो ‘अँटिक’. आपण मराठीत दीर्घ उच्चार टाकून ऱ्हस्वच बोलतो आणि विक्षिप्त माणसालाही अँटिक म्हणतो. हे कोणी ठरवून केलेले नाही, पण अपघाताने आपण त्या दुसऱ्या शब्दाच्या अर्थावर नेमके जाऊन बसलो आहोत.

पुढे या शब्दाला वयाची अट लावली ती कस्टमवाल्यांनी. अमेरिकेच्या १९३० सालच्या आयातकराच्या कायद्यात १८३०पूर्वीच्या कलावस्तूंना अँटिक म्हणून करमाफी होती. म्हणजे रेघ शंभर वर्षांची, पण खुंटी ठोकून बसवलेली. वर्षे पुढे सरकत गेली, खुंटी मात्र १८३०लाच राहिली. शेवटी १९६६ साली तो नियम बदलून ‘आयातीच्या वेळी शंभर वर्षे पूर्ण’ असा झाला. आज जगभर दुकानदार शंभर वर्षांचा जो दंडक सांगतात, त्याला या करपावतीने मोठे बळ दिले. ‘व्हिंटेज’ तर द्राक्षांच्या हंगामाचा शब्द. तो मोटारींवरून आपल्याकडे आला. आपल्या केंद्र सरकारने २०२१च्या मोटारवाहन नियमांत पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. तो शब्द इथेच सोडू. त्याची कोणाशी भांडणे नाहीत.

आता ‘अँटिक्विटी’. हा शब्द आमच्या जिल्ह्यात छापील रूपाने फार लवकर आला. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६च्या हंगामात निजामाच्या मुलखात फिरून केलेला अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील ‘अँटिक्विटीज’ असे शब्द आहेत आणि त्यात धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे. लेणे म्हणजे डोंगर. ते उचलून नेता येत नाही, विकता येत नाही, दिवाणखान्यात मांडता येत नाही. बर्जेसच्या लेखी तरीही ती अँटिक्विटी, कारण तो मोजमापे घेत होता, खांबांची घडण पाहत होता, लेण्यात जैन मूर्ती कशा आहेत हे नोंदवत होता. त्याला डोंगराकडून साक्ष हवी होती.

योगायोग पाहा. त्याच १८७८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात गुप्तधनाचा कायदा झाला. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवावे, अशी त्यातली तरतूद. वस्तू काय आहे, कोणत्या थरात होती, शेजारी काय होते, याची त्या कायद्याला फिकीर नाही. दहा रुपये हाच निकष. एकाच वर्षी, एकाच राजवटीच्या छायेत, मातीतून निघणाऱ्या वस्तूकडे पाहण्याच्या या दोन नजरा. एक नजर साक्षीची, एक किमतीची. पुढच्या दीडशे वर्षांत कोणती जास्त वाढली ते सांगायला नको.

स्वतंत्र भारताने १९७२ साली जो कायदा केला आणि जो ५ एप्रिल १९७६पासून लागू झाला, त्याने ‘अँटिक’ हा शब्द बाजूला ठेवून ‘अँटिक्विटी’ची व्याख्या केली. नाणे, शिल्प, चित्र, शिलालेख, कलाकुसरीची वस्तू. वास्तूपासून किंवा गुहेपासून सुटी झालेली वस्तू. गतकाळातील शास्त्र, कला, धर्म, चालीरीती, राजकारण यांवर प्रकाश टाकणारी किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू. अट किमान शंभर वर्षांची. मात्र शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेली हस्तलिखिते आणि कागदपत्रे पंचाहत्तर वर्षांची झाली तरी पुरे. अशा वस्तू जवळ बाळगणे गुन्हा नाही. ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेण्याची खासगी माणसाला बंदी आहे.

‘गुहेपासून सुटी झालेली’ हे शब्द मला फार बोलके वाटतात. लेण्यातला खांब लेण्यात आहे तोवर तो स्मारकाचा भाग. त्याचे संरक्षण दुसरा कायदा करतो. तो तुटून खाली पडला की अँटिक्विटी. म्हणजे कायद्याच्या भाषेत अँटिक्विटी ही एका तुटण्याची नोंद आहे. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट आज गावातल्याच संग्रहालयात उभी आहे. तिच्यासमोर उभे राहिले की प्रथम कोरीवकाम दिसते, आणि थोड्या वेळाने असे लक्षात येते की या दारातून आता कुठेही जाता येत नाही. पण ती कोणत्या मंदिराची, हे ठाऊक आहे. एवढे ठाऊक असल्यामुळेच ती पुरावा आहे. हीच चौकट एखाद्या शहरातल्या बंगल्यात आरशाभोवती बसवली असती तर ती अँटिक झाली असती, आणि कदाचित तिची जास्त निगाही राखली गेली असती. हे मान्य करायला मला जड जाते, पण खोटे कशाला बोला?

वर्षांची अट मात्र किती आंधळी असते, याचे उदाहरण आमच्याकडे घरोघरी होते. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या पेटीत हाली सिक्क्याचे रुपये निघतात, चारमिनारचे. समजा, एकाच थैलीत दोन रुपये आहेत. एकावर हिजरी १३३०, म्हणजे इसवी सन १९११-१२. दुसऱ्यावर हिजरी १३६१, म्हणजे १९४२. दोन्हींवर चारमिनार तोच, निजाम तोच, मीर उस्मान अली खान. आज पहिला रुपया कायद्याने अँटिक्विटी आहे, दुसरा नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन्ही ‘अँटिक कॉइन’ म्हणून एकाच फडक्यावर मांडलेले असतात. इथे बाजार कायद्यापेक्षा मोकळा, आणि दोघांनाही त्या थैलीशी कर्तव्य नाही. थैली कोणाची, दोन्ही रुपये एकत्र का राहिले, एकोणीसशे बेचाळीसच्या रुपयाबरोबर तीस वर्षे जुना रुपया चलनात होता की जपून ठेवला होता, हे प्रश्न थैली फोडून नाणी वेगळी केली की संपतात.

आता तेरला येऊ. कारण हा सगळा वाद तेरइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई. टॉलेमीलाही तगर माहीत होते. शिलाहार राजे पुढे कोकणात आणि कोल्हापुरात नांदले तरी बिरुद मिरवीत ते ‘तगरपुरवराधीश्वर’ असे. हे तगर कोणते यावर विद्वानांनी बरीच गावे सुचवली. १९०१ साली फ्लीट यांनी ते आमचे तेर असल्याचे दाखवले, आणि लगोलग हेन्री कझिन्स तेरला जाऊन पाहून आले. त्यांना तिथले त्रिविक्रम मंदिर दिसले: विटांचे, मागच्या बाजूने हत्तीच्या पाठीसारखे गोल. ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे त्यांनी मांडले. त्यावर नंतर मतभेद झाले, पण भारतात उभ्या राहिलेल्या अगदी जुन्या विटांच्या वास्तूंत त्याची गणना होते. आणि आजही तिथे पूजा चालते. त्रिविक्रमाला नमस्कार करायला येणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते अँटिकही नाही आणि अँटिक्विटीही नाही. देऊळ आहे.

गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्र तेरला ओळखतो. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा आपण सगळे ऐकून आहोत. कुंभाराच्या या गावात पायाखाली खापरेच खापरे असावीत, हा योगायोग कोणालाही भुरळ घालील. पण खापरांची परीक्षाही थापटण्याचीच असते. नुसते रूप पाहून कळत नाही. कुठे होते, कशावर होते, कशाखाली होते, हे ठोकून पाहावे लागते.

तेरला १९५८ साली चापेकर यांनी उत्खनन केले आणि १९६९मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला; पुढेही उत्खनने झाली. पण तेरचे नाव जगात गेले ते एका गावकऱ्यामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे शेतांतून, ओढ्याकाठांवरून, पावसाने उघड्या पडलेल्या टेकाडांवरून वस्तू गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, दुहेरी साच्यात काढलेल्या पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या, रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची भोके पाडलेली पदके, हस्तिदंती काम. हा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात तेरमध्येच आहे. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी या वस्तूंच्या आधारे १९६० साली तेरवर एक छोटे पुस्तक लिहिले.

या संग्रहातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. अंगभर दागिने, केसांची भरगच्च रचना, उभे राहण्याची ऐट. तिची सख्खी बहीण वाटावी अशी मूर्ती इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती १९३८ साली पॉम्पेई शहराच्या एका घरात सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीची, यात शंकेला जागाच नाही. शिवाय जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली केलेल्या उत्खननात तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला. पॉम्पेईची बाई आली कुठून, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे अभ्यासक म्हणूनच आपल्या दख्खनकडे पाहू लागले.

आता जरा थांबून विचार करा. तीन मूर्ती. पॉम्पेईची राखेखालून, म्हणजे तारखेसकट आलेली. भोकरदनची उत्खननातून, थरासकट आलेली. आणि तेरची पूर्ण रूपात, देखणी, पण शेतातून आलेली. बाजारात मांडल्या तर तेरच्या मूर्तीपुढे भोकरदनचा तुटका तुकडा कवडीमोलाचा ठरेल. साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र तो तुकडा तेरच्या मूर्तीपेक्षा जास्त बोलतो. तेरच्या मूर्तीचे वय ठरवताना आपल्याला पॉम्पेईकडे पाहावे लागते. समुद्रापलीकडच्या एका ज्वालामुखीने तिची जन्मतारीख सांगायची, आणि ती ज्या मातीतून निघाली त्या मातीला काही सांगता येऊ नये! अँटिक आणि अँटिक्विटी यांतला फरक मला कोणी एका वाक्यात विचारला तर मी या तीन बायकांकडे बोट दाखवीन.

यावर कोणी म्हणेल, मग लामतुरे चुकले का? हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. ज्या काळात ते वेचत होते त्या काळात दुसरा पर्याय थर जपून ठेवण्याचा नव्हता. नांगराच्या फाळाचा आणि फेरीवाल्याच्या पिशवीचा होता. त्यांनी वस्तू तेरमध्ये ठेवल्या. ‘अमुक वस्तू अमुक थरातली’ हे त्या संग्रहाला सांगता येत नाही, पण ‘तेरची’ एवढे तरी सांगता येते, आणि हा एक शब्द टिकल्यामुळेच बॅरेटला पुस्तक लिहिता आले. अँटिकचा संग्राहक गावाचे नाव पुसून वस्तू पुढे नेतो, कारण नाव पुसल्यावर प्रश्न कमी विचारले जातात. लामतुरे यांनी नाव राखले. या दोन शब्दांच्या मधोमध, अँटिक्विटीच्या अंगाला, मी त्यांना उभे करीन.

खरी हानी संग्राहकाने कमी आणि गरजेने जास्त केली, हेही सांगितले पाहिजे. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. शेकडो वर्षे माणसे राहून, राख-शेण-मातीच्या भिंती खचून तयार झालेली ती माती. धाब्याच्या घरांवर टाकायला, भिंती लिंपायला, शेतात घालायला पिढ्यान्‌पिढ्या ही माती खणून नेली गेली. त्या गाड्यांबरोबर किती सातवाहनकाळ गेला असेल! त्यात कोणाचा दोष काढावा? छपराला माती लागते. गंमत अशी, की ‘पांढरी’ हा शब्द स्वतःच एक नेमकी पुरातत्त्वीय संज्ञा आहे. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. मातीच्या रंगावरून मानवी वसाहत ओळखणारा हा शब्द आमच्या आजोबांना ठाऊक होता, आणि आम्ही मात्र बातमीत ‘अँटिक वस्तूंचा खजिना सापडला’ असे लिहितो.

इथे मला आपल्या लिहिण्याविषयी थोडे कठोर बोलायचे आहे. मूर्ती सापडली की बातमीत दोन गोष्टी हटकून येतात: ती ‘अँटिक’ असल्याचे आणि तिची ‘आंतरराष्ट्रीय बाजारात’ किंमत काही कोटी असल्याचे. ही किंमत कोणी ठरवली, कोणत्या बाजारात, हे कधीच येत नाही. ज्या वस्तूला परदेशात नेण्याची कायद्याने बंदी आहे तिचा परदेशी भाव छापणे म्हणजे वाचकाला चोराच्या चष्म्यातून पाहायला शिकवणे. आणि उलट बाजूने, वर्णन चढवायचे असेल तेव्हा सरसकट ‘प्राचीन’ लिहिले जाते. १६१३ सालचा नळदुर्गचा पाणीमहाल प्राचीन, परांड्याच्या तोफा प्राचीन, धाराशिवची लेणी प्राचीन. ‘प्राचीन’मध्ये हजार वर्षे इकडची तिकडे होतात आणि कोणाला काही वाटत नाही.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. जुने म्हणजे नुसते नवे नसलेले. जोडाही जुना होतो आणि मैत्रीही. जीर्ण म्हणजे वयाने झिजलेले, म्हणून देवळाचा जीर्णोद्धार होतो. (आणि पुष्कळदा त्या उद्धारात फरशा बसतात, दगडावर ऑइलपेंट चढतो आणि जीर्ण ते नाहीसे होते.) वडिलार्जित म्हणजे मालकीची साखळी सांगणारा शब्द. पुराण हा शब्द गोष्टींकडे गेला आणि ‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणत आपण त्याची धार घालवली. त्यामुळे आधीच्या पिढीतल्या अभ्यासकांनी रूढ केलेला ‘पुराणवस्तू’ हा चांगला शब्दही कानाला थोडा गोष्टीतला वाटू लागला. उरतो ‘पुरावस्तू’. मला तो ‘अँटिक्विटी’साठी सर्वांत योग्य वाटतो, आणि त्याचे एक कारण व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक असले तरी कानाच्या दृष्टीने बरोबर आहे: त्यात ‘पुरावा’ ऐकू येतो. मराठी माणसाला ‘पुरावस्तू’ म्हणताना पुराव्याची वस्तू असे वाटले तर तो लाभच समजावा. ‘अँटिक’ सराफाला आणि हॉटेलवाल्याला राहू द्यावा. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्या समाजात नवे सोने जुने करून विकले जाते, त्याला तो शब्द शोभतोही.

पण पुरावस्तू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती येते, नाणे येते, तलवार येते. कागद येत नाही. कायद्यातली पंचाहत्तर वर्षांची वेगळी अट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कागद दगडापेक्षा आधी मरतो, हे ती अट लिहिणाऱ्याला कळले होते. आणि कागदाला बाजारात अँटिकचा मान सहसा मिळत नाही. पितळी भांडे ‘मोडी’त गेले तरी वजनावर पैसे मिळतात; मोडी लिपीतला कागद रद्दीत जातो.

पंचाहत्तर वर्षे म्हणजे आमच्या जिल्ह्यात काय, याचा हिशेब करून पाहू. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय संघराज्यात आले. त्या वेळचे कागद २०२३मध्येच पंचाहत्तरीला पोचले. म्हणजे निजामी अमलातले उर्दू महसुली दाखले, कुलकर्ण्यांच्या मोडीतल्या वह्या, बार्शीकडच्या सरहद्दीवरील कॅम्पांतून घरी आलेली पत्रे, रझाकारांच्या धास्तीने गाव सोडून गेलेल्यांनी केलेल्या याद्या, परत आल्यावर काय राहिले नि काय गेले याचे टाचण, यांतले जे काही ऐतिहासिक मोलाचे असेल ते कायद्याच्या व्याख्येने आज पुरावस्तू आहे. तेरच्या हस्तिदंती मूर्तीच्या रांगेत, निदान शब्दाने तरी. मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव त्याच वर्षी झाला. भाषणे झाली, कमानी उभ्या राहिल्या. जिल्ह्याचे नावही त्याच वर्षी अधिकृतपणे धाराशिव झाले आणि ‘उस्मानाबाद’चे जुने फलक उतरले. त्यातला एखादा पत्र्याचा फलक पुढेमागे कुठल्यातरी कॅफेच्या भिंतीवर व्हिंटेज म्हणून लागेल, याची मला खात्री आहे. कागदांविषयी तशी खात्री नाही.

वाडे पडताहेत. भाऊबंदकीच्या वाटण्या होतात तेव्हा सागवानी तुळया आणि दरवाजे यांचा भाव आधी ठरतो, कारण ते अँटिक आहे. माळ्यावरची कापडात गुंडाळलेली दप्तरे खाली येतात तेव्हा धुळीमुळे सगळे शिंकतात. वाचणारे कोणी नसते: मोडी आजोबांबरोबर गेली, उर्दू त्यांच्याही आधी. ज्या पिढीची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली तिच्यातली मोजकी माणसे आज हयात आहेत, नव्वदीच्या आसपास. त्यांच्याकडून एकेक कागद वाचून घेणे, कोणत्या घरातला, कोणत्या दप्तरातला, कशाबरोबर बांधलेला एवढे त्याच्या पाठीवर नव्हे तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवणे, आणि दप्तर न फोडता मोबाइलवर पानोपान फोटो काढणे, हे काम करायला ना परवाना लागतो ना खणायचे फावडे. १९५१च्या कागदांपाठोपाठ पाळी येते ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या कागदांची.